पकड्याचा रिकामा पंजा

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत लिफ्टमधून सायकल न्यायची नाही, सामानाची खोकी न्यायची नाहीत, कुत्रा तर नाहीच नाही. तशी पाटीच लावलीय. राक्षसाबद्दल मात्र पाटीवर काही लिहिलेलं नाही. म्हणूनच आमचे मयेकर काका रोज संध्याकाळी एक राक्षस बगलेत मारून लिफ्टने वर जायचे.

मी नवीन राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही वरात बघितली. लांब वाकडी मान, वटारलेले डोळे, उघडा जबडा, आत दात. सगळं लाकडाचं, मानेवर बारीक कोरीव काम, दिवसभर खाली पार्किंगमध्ये बसून केलेलं. माझ्या हातात भाजीची पिशवी, काकांच्या हातात ते ध्यान. लिफ्टचं बटण दाबायच्या आधी त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि लहान मुलाला टोपरं बांधावं तसं त्या राक्षसाचं तोंड हळुवार गुंडाळलं.

"हे काय हो?" मी विचारलं. मी मूळची कराडची. मनात आलं की तोंडात आलंच.

"घरी चाललोय ना गो. घरात शिरताना ह्याचं तोंड झाकायचं. नायतर घर घाबरतं."

मी मनात म्हटलं, झालं कल्याण. भिंतीला भिंत लागून शेजारी मिळाला, तोही असा.

वर दार उघडलं ते मयेकर काकींनी. ठेंगणी, गोरी बाई, हाताला ओल्या खोबऱ्याचा वास. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग त्या टोपरं घातलेल्या राक्षसाकडे, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "घर घाबरतं म्हणे. घर म्हणजे कोण? मीच की! लग्न झालं तेव्हा ह्यांचं तोंड कोणी झाकलं नव्हतं ते."

त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहा प्यायले आणि त्यानंतर आमच्या दोन दारांमधला पॅसेज आम्ही कधी पॅसेज मानलाच नाही.

मयेकर काका मालवणकडचे, सुतार घराण्यातले. उभी हयात बोटीवर काढली, आणि तीही बोटीवरचा सुतार म्हणून. लोखंडाच्या बोटीवर सुतार कशाला लागतो, हे मी त्यांना विचारलं आणि पस्तावले. तासभर ऐकावं लागलं. कंपनी नॉर्वेची होती. एकदा त्यांची बोट दुरुस्तीला ओस्लोत अडकून पडली तेव्हा बोटीवरचा म्हातारा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, ह्यांना म्हणाला, चल, तुझ्या धंद्यातली एक गंमत दाखवतो. आणि त्याने ह्यांना एका म्युझियममध्ये नेलं.

ती गंमत काकांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की माझ्या मुलीला ती पाढ्यासारखी पाठ होती. हजार वर्षांहून जुनं एक काळंभोर गलबत. शेतातल्या टेकाडाखाली गाडलेलं सापडलेलं. फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. आणि पुढचा टोकाचा, म्हणजे नाळेचा भाग आभाळाकडे वळत गेलेला, खालपासून वरपर्यंत कोरलेला. "मी आत शिरलो, आणि टोपी काढली गो," काका सांगायचे. "देवळात काढतो तशी. बोसन हसायला लागला. म्हटलं, हस मेल्या. तुला काय कळतंय, माझ्या आज्याने असलं काम बघितलं असतं तर जेवला नसता चार दिवस."

"म्हणजे ते व्हायकिंग ना काका?" माझी मुलगी विचारायची. "ते लुटारू?"

ह्यावर काका दुखावायचे. मनापासून दुखावायचे. "लुटायला जायचं तरी बोट कोणीतरी बांधायला लागते ना? लुटारूंची नावं सगळ्यांना पाठ. सुतारांचं नाव कोण घेतं? काय करतलंस!"

हे त्यांचं मालवणीतलं 'काय करणार तू' नेहमीचं. काय करतलंस. पाणी गेलं, काय करतलंस. भारत हरला, काय करतलंस. हात झटकून, हसून म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. त्या हसण्यामुळे त्या शब्दांचा अर्थ किती वाईट आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गलबतावरच्या त्या कोरीव कामात एक प्राणी असतो. ना वाघ, ना माकड, ना मांजर. त्याला काकांनी नाव ठेवलं होतं पकड्या. कारण तो सारखा काहीतरी पकडून असतो. एका पंजाने चौकट, दुसऱ्याने शेजारच्या पकड्याचा पाय, तिसऱ्याने स्वतःचीच मानगूट. सगळे एकमेकांत असे गुंतलेले की एकाला ओढलं तर सगळी ओळ ओढली जावी. काकांचा त्यात एकच कायदा होता. पंजा रिकामा ठेवायचा नाही. "मोकळा पंजा म्हणजे चूक. बघणाऱ्याची नजर तिथून घसरते आणि खाली पडते," असं ते म्हणायचे. मला त्यातलं डोंबल कळत नव्हतं, पण एकदा कळल्यावर मी त्यांच्याकडच्या पाटाच्या पायावर, पोळपाटाच्या कडेला, देव्हाऱ्याच्या चौकटीवर पकडे शोधत बसायचे. एकही पंजा मोकळा सापडला नाही. काकी म्हणायच्या, "माझां लाटणां तेवढां वाचलां. त्याच्यावर कोरलां तर पोळीवर पकड्या उमटतलो."

एका वर्षी सोसायटीच्या गणपतीचं मखर काकांनी करायला घेतलं. थर्माकोल बंद झालेलं, कापडी मखराचा सगळ्यांना कंटाळा आलेला, तेव्हा सेक्रेटरी पाटणकरांनी मोठ्या मनाने "होऊन जाऊ दे" म्हटलं. काय होऊन जाणार आहे हे विचारलं नाही. आदल्या दिवशी मखर हॉलमध्ये उभं राहिलं तेव्हा पाटणकर दारातच थबकले. दोन्ही बाजूंनी दोन माना वर जाऊन मध्यभागी दोन जबडे एकमेकांना भिडलेले, आणि खांबांवर पकड्यांची झुंबड.

"मयेकर, बाप्पाच्या डोक्यावर मगर?"

"मगर नाय ती."

"मग सुसर?"

कमिटीत दोन तट पडले. कोणी म्हणे चायनीज दिसतं, कोणी म्हणे अशुभ दिसतं. काका एका कोपऱ्यात पटाशी हातात धरून उभे. कामाची बाजू मांडणं त्यांना कधी जमलंच नाही. शेवटी काकी उठल्या, झेंडूच्या दोन माळा घेतल्या, खुर्चीवर चढल्या आणि दोन्ही राक्षसांच्या गळ्यात घातल्या. कपाळाला हळदकुंकू लावलं. खाली उतरून म्हणाल्या, "झाले बाप्पाचे द्वारपाल. आता आरतीचं ताट कोण घासणार ते ठरवा." विषय संपला. त्या वर्षी शेजारच्या चार सोसायट्यांतली माणसं आमचं मखर बघायला आली आणि पाटणकर सगळ्यांना सांगत होते, "नॉर्वेची स्टाईल आहे, आपणच सुचवली."

काकांचं सगळं असंच होतं. हात बोलायचे, आणि तोंडाचं काम काकी करायच्या.

मग एका वादळात त्यांच्या गावच्या घरामागचा फणस पडला. काकांनी टेम्पो करून त्याचा बुंधा आणि एक मोठी वाकडी फांदी इथे आणली. आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, आपल्या गाडीच्या जागेत ठेवली, कारण गाडी त्यांनी कधी घेतलीच नव्हती. आणि एका रविवारी सकाळी धाड धाड आवाज सुरू झाला. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. खाली काका लाकडात पाचरी ठोकत होते. करवत नाही, मशीन नाही. पाचर, घण, पाचर, घण.

पाटणकर पायजम्यातच खाली धावले. "अहो, कापून आणा ना कुठून तरी! वखारी काय कमी आहेत?"

"करवत लाकडाचा दोरा कापते साहेब," काका घाम पुसत म्हणाले. दोरा म्हणजे लाकडातली ती उभी रेघ. "हे लोक कापायचे नाहीत, फोडायचे. फोडलं की लाकूड आपल्या दोऱ्याने उलगडतं. दोरा सलग राहतो. मग बोटीची फळी वाकते, पिळते, पण तुटत नाही. समुद्रात तुटलेली परवडत नाही."

"पण इथे समुद्र कुठंय?"

काकांनी खाडीच्या दिशेने नुसतं बोट दाखवलं. सोसायटीने त्यांना रविवारी जेवणाच्या वेळेपर्यंतची मुदत दिली.

त्या वाकड्या फांदीचं काय करायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. ते म्हणायचे, फांदीच सांगेल. ती बरेच महिने तशीच गोणपाटाखाली झाकून पडली होती.

आणि मग काकींचं पोट दुखायला लागलं.

आधी गॅसेस, मग अल्सर, मग सोनोग्राफी, मग मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी. कॅन्सर आधीच लिव्हरपर्यंत पोचला होता. त्यांचा मुलगा नीलेश बंगलोरहून आला, रडला, फायली केल्या, रजा संपल्यावर गेला, परत आला. त्याला दोष नाही. बेलापूरच्या ज्या हॉस्पिटलात केमो चालू झाली ते माझ्या ऑफिसपासून चालत जाण्यासारखं, म्हणून दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथे जायचे. काका बाहेरच्या बाकड्यावर बसलेले असायचे. मांडीवर दोन्ही हात उताणे टाकलेले. इतक्या वर्षांत ते हात मी रिकामे बघितले नव्हते.

"डॉक्टरांना विचारलं, मी काय करू," एकदा म्हणाले. "तर म्हणतात, तुम्ही काही करू नका काका, फक्त सोबत बसा. आता मला सांग, नुसतं बसायचं कसं?"

मी डबा उघडला.

मग त्यांनी मला तुरटीची गोष्ट सांगितली. गलबताबरोबर त्या टेकाडात खूप सामान सापडलं होतं. चाकाची गाडी, बर्फावरच्या घसरगाड्या, बादल्या, माग, पलंग. आणि राक्षसाच्या तोंडाचे पाच खांब, एकेक वेगळ्या हातचा, कशासाठी केले ते कोणालाच ठाऊक नाही. लाकूड पाण्याने भिजून लोण्यासारखं मऊ झालेलं. वाळलं असतं तर सुकून भुगा झाला असता. म्हणून त्या काळच्या शहाण्या लोकांनी त्यातल्या कितीतरी वस्तू तुरटीच्या कढत पाण्यात घालून कडक केल्या. वाचल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आता इतक्या वर्षांनी कळलं की त्याच तुरटीचं आम्ल होऊन लाकूड आतून खाल्लं जातंय. वरून नक्षी जशीच्या तशी, आत भुसा. हात लावायची सोय नाही.

"आणि आता उपाय काय?" मी विचारलं.

"शोधतायत. भले भले बसलेत. वाचवायला घातलं तेच खातंय, काढायला गेलं तर राहिलंय तेपण जाईल." त्यांनी केमोच्या वॉर्डच्या काचेकडे बघितलं. आत काकींच्या हाताला सुई, केस गेलेल्या डोक्याला रुमाल. "ते तिकडे बाहेर बसलेत, आपण इकडे. काय करतलंस."

ह्या वेळी ते हसले नाहीत. मी उगाचच वॉर्डबॉयवर खेकसले, एसी कमी कर म्हणून.

त्याच आठवड्यात पार्किंगमधली फांदी उघडी झाली, पाचरींनी फोडली गेली. फांदीने सांगितलं असावं. काकींच्या उशाशी उभा करायचा एक खांब, गलबतातल्या खांबांसारखा, वर राक्षसाचं तोंड, मानेवर पकडे. कशासाठी होते ते खांब हे पंडितांना कळलं नसेल, काका मात्र ठाम होते. "बायकोच्या उशाला असणार. दुसरं काय?" सकाळी काकींना आंघोळ घालून, पेज भरवून ते तासभर खाली यायचे. काकी झोपल्या की पुन्हा तासभर. आणि अर्धवट असला तरी संध्याकाळी तो खांब वर जायचाच, तोंड पंच्यात गुंडाळून, कारण रात्री तो उशाशी हवा. आता त्याला उचलताना काकांना धाप लागायची. वॉचमन पुढे व्हायचा तर त्याला हात लावू द्यायचे नाहीत.

आजारी माणसाच्या डोक्याशी असलं भयंकर तोंड! आमच्या मजल्यावरच्या बायकांना ते बघवेना. मी काकींना सरळ विचारलं, भीती नाही वाटत?

"अगं, ते तोंड माझ्याकडे कुठं आहे? दाराकडे आहे," काकी म्हणाल्या. "येणाऱ्याने घाबरायचं, मी नाही."

ते गलबत एका बाईसाठी पुरलं होतं, ही गोष्टही काकी इतकी वर्षं ऐकत आल्या होत्या. राणी असेल, कोणी पुजारीण असेल. तिच्याबरोबर आणखी एक बाई. इतकं कोरलं, इतकं नटवलं, आणि सगळं तिच्याबरोबर मातीत घातलं. एके दुपारी मी तिथे बसलेले असताना काकींनी विचारलं, "अहो, तिच्याबरोबर एवढं दिलं. माझ्याबरोबर काय देणार? कुकर?"

"गप गो," काका म्हणाले.

"गप काय? कुकरची शिट्टी तरी चांगली द्या."

काका उशाशी बसून कानशीने खांबाची मान घासत होते. थांबले. "हा देईन," म्हणाले.

"पकड्या?"

"हा आख्खा खांब देईन तुझ्याबरोबर. आपली पद्धत मातीची नाय, आगीची. जळेल तुझ्यासोबत."

"शब्द?"

"शब्द."

काकी समाधानाने डोळे मिटून पडल्या. मला दोघांचा राग आला. म्हटलं, काय अभद्र बोलत बसलाय भरदुपारी. पण तिथे अभद्र मी एकटीच होते. ती दोघं लग्नातल्या साडीचा रंग ठरवावा तशी बोलत होती.

शेवटचा पकड्या उरला तेव्हा त्यांच्यात भांडण झालं. आयुष्यातलं शेवटचं म्हणा. त्या पकड्याचा एक पंजा काकींच्या उशीच्या बाजूला येत होता. काका तो खांबाच्या कडेला चिकटवणार, म्हणजे त्याला कड पकडायला लावणार होते. काकींनी हात वर करून त्या अर्धवट पंजात आपली दोन बोटं सरकवली. बरोबर बसली.

"ह्यो एक रवांदे," त्या म्हणाल्या. "माका धरूक."

"तसा नाय चलत. रिकामो दिसतलो."

"रिकामो खंय? माझो हात आसा मा!"

काका दोन दिवस गुश्शात होते. मला पॅसेजमध्ये गाठून सांगायचे, "चूक दिसणार गो ती. जन्मभर कधी सोडला नाय मी मोकळा पंजा." तिसऱ्या दिवशी त्यांनी पंजा कडेपासून मोकळा केला, बोटं आत जातील असा गोल घासला, आतून खोबरेल चोळलं. त्यानंतर काकी जागेपणी, झोपेत, ग्लानीत, तो पंजा धरूनच असायच्या. दुखण्याची कळ आली की काका धावत यायचे आणि काकींची बोटं पंजावर पांढरी पडलेली बघत नुसते उभे राहायचे. मॉर्फिनचा डोस दिलेला असायचा. पुढचा द्यायची वेळ झालेली नसायची. ते उभे राहणं मला बघवायचं नाही. मी आमच्या घरात येऊन कुकर लावायचे, भांडी आपटायचे.

काकी एका सकाळी गेल्या. पेज कोमट करून काका आले तेव्हा संपलं होतं. बोटं पंजातच होती.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. काकींना मुलगी नव्हती, आणि त्या खांबाचा शब्द माझ्यासमोर दिलेला होता, नीलेशला त्यातलं काही माहीत नव्हतं. शववाहिनीत एका बाजूला काकी, एका बाजूला मांडीवर खांब आडवा घेतलेले काका. राक्षसाचं तोंड उघडं. बाहेर निघताना झाकायचं नसतं, परतताना झाकायचं असतं.

तिथे गेल्यावर कळलं की लाकडाच्या चितेची शेड दुरुस्तीला काढलीय. पत्रे उतरवलेले, चौथरे खणलेले. चालू होती ती फक्त गॅसची दाहिनी. नीलेशने फोनवर विचारलं तेव्हा त्याला एवढंच सांगितलं होतं की या, सोय आहे.

दाहिनीवरचा माणूस इथल्याच गावातला, वयस्कर, गरीब स्वभावाचा. त्याने खांबाकडे बघितलं आणि मान हलवली. "काका, ह्यान लाकूर नाय घालता येत. बर्नर बंद परतंय."

मी मध्ये पडले. मी काय काय बोलले आता मलाच आठवत नाही. एका बाईची शेवटची इच्छा आहे, एवढंसं लाकूड आहे, तुमच्या साहेबांना फोन लावा, मी बेलापूरला सरकारी ऑफिसात आहे, बघून घेईन. सगळं बोलून झालं. त्याने ऐकून घेतलं.

"बाय, माजे हातान काय हाय? मशीन बंद परली तं तुमचे आईचा अर्धवट व्हईल. मंग?"

मागे दुसरी तिरडी येऊन थांबली होती. तिच्याबरोबरची माणसं आमच्याकडे बघत होती, तीही रडून दमलेली.

"काका, नेरूळला जाऊ," मी म्हटलं. "नाहीतर पनवेलला. लाकडाची मिळेल कुठेतरी."

काकांनी काकींकडे बघितलं. "नको," म्हणाले. "आता आणखी फिरवायची नाय तिला. ह्या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात खूप फिरवली."

मग त्यांनी त्या माणसाला विचारलं, एवढासा तुकडा चालेल का? पंजा दाखवला. तो म्हणाला, तेवढा चालंल. कोयता आहे का? हितं कोयता कशाला असंल, काका.

काका पायरीवर बसले. खांब दोन गुडघ्यांत धरला आणि पंजावर दोन्ही हातांनी जोर लावला. नीलेश पुढे झाला, त्याने लावला. पंजा ढिम्म हलेना. काका उठले आणि त्यांनी तो खांब उचलून पंजाच्या बाजूने पायरीवर आपटला. पुन्हा आपटला. पायरीचा टवका उडाला. पंजाला तडासुद्धा गेला नाही.

"काका, बास," मी म्हटलं.

"तुटायचा नाय गो तो," ते म्हणाले. श्वास लागला होता, तोंड लाल झालं होतं. "फोडून काढलाय. दोरा सलग आहे मानेपासून बोटापर्यंत. मीच केलाय ना असा." आणि मोठ्याने रडले. एवढा मोठा माणूस, सगळे समुद्र हिंडून आलेला, आपल्याच कामापुढे हरून रडत होता, आणि आम्ही सगळे, मी, नीलेश, तो दाहिनीवाला, नुसते उभे. काय करतलंस हे शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून आले नाहीत. माझ्या डोक्यात मात्र तेच घुमत होते.

शेवटी त्यांनी खांब काकींच्या बाजूला टेकवला आणि त्यांची दोन बोटं पंजात घातली. क्षणभर. मग एकेक करून बाहेर काढली, हात छातीवर ठेवला आणि त्या माणसाला मानेने खूण केली.

परत येताना काका माझ्या गाडीत खांब मांडीवर घेऊन बसले. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने टोपी काढली. लिफ्टपाशी काका खांब बगलेत घेऊन उभे राहिले. त्यांचा पंचा गाडीच्या सीटवर राहिला होता. मी तो घेऊन धावत आले. इतकी वर्षं जे झालं नाही ते आज होऊ नये, एवढंच मला सुचलं.

"काका, तोंड झाकायचं राहिलं."

त्यांनी पंच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता घरात घाबरायला कोण आहे गो?"

नीलेशने लिफ्टचं दार ओढलं. जाळीतून मला राक्षसाचे उघडे डोळे दिसले, जबडा दिसला, आणि मानेखाली तो एकच रिकामा पंजा. लिफ्ट वर गेली. मी हातात पंचा घेऊन खाली उभी राहिले.